फोटोत दाखवल्याप्रमाणे

माझा ब्लॉग कुणी वाचत असेल ही कल्पना मी सोडून दिली होती, तेव्हा एका अनोळखी माणसाची मेल आली. तो मूळचा नागपूरचा, बेळ्ळंदूरला एका कंपनीत कामाला होता आणि सायकलवरच्या भटकंतीबद्दल मराठीत ब्लॉग लिहायचा. बंगळूरमध्ये भाड्याचं घर कसं शोधावं यावरची माझी जुनी पोस्ट त्याला सापडली होती. पोस्ट चांगली आहे, पण तिच्यातली एकही लिंक उघडत नाही आणि मधला एक परिच्छेद नुसत्या चौकोनांचा दिसतो, असं त्याने कळवलं होतं.

मी त्याचा ब्लॉग उघडला. तिथेही तीच गत होती. बंद पडलेल्या नकाशांच्या जागी राखाडी चौकटी, एका घाटाचं वर्णन दोनदा छापलेलं. मी त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं: "मला तर हे कधी दिसलंच नाही, ताई. आपण काय लिहिलंय ते पाठ असतं ना, नजर घसरून जाते. असं करू. तुम्ही माझं बघा, मी तुमचं बघतो."

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिते. दुसऱ्याच्या मजकुरातली शिळी झालेली वाक्यं शोधणं हेच माझं काम, त्यामुळे त्याचा प्रस्ताव मला जड वाटला नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी कोरमंगलाच्या एका दर्शिनीत, म्हणजे झटपट खाऊन निघायच्या छोट्या हॉटेलात, आम्ही भेटू लागलो. इडली-वडा संपला की लॅपटॉप उघडायचे. पण तिथे फार वेळ बसू देत नसत, आणि उभ्याच्या टेबलावर लॅपटॉप डोसा खाणाऱ्याच्या कोपराला लागायचा.

अक्का आमच्यात आल्या त्या मराठी मंडळाच्या फराळाच्या दिवशी. मी आणि नागपूरकर आमच्याच नादात मेलेल्या लिंकांबद्दल बोलत होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी चकली तोडता तोडता विचारलं, "माझा पण ब्लॉग आहे. बिघडलाय. बघता काय?"

त्या निपाणीकडच्या. लग्न होऊन या गावात आल्या त्याला चाळीसच्या वर वर्षं झालेली. बँकेतून निवृत्त. बोलणं मराठीच, पण मध्येच कन्नड मिसळून 'स्वल्प थांब', 'सरी सरी' असं यायचं आणि वाक्याच्या शेवटी 'की' हटकून. सगळं मंडळ त्यांना अक्का म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. कोरमंगलामध्ये त्यांचं स्वतःचं घर होतं. आजूबाजूला पीजी आणि खानावळी झालेल्या, मध्ये यांचं एकमजली घर, पुढे शेवग्याचं झाड. दर्शिनीतला आमचा अड्डा तिकडे हलला.

त्यांच्या हॉलमध्ये यजमानांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. त्यामुळे ते गेल्याचं आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. ब्लॉग त्यांच्याबद्दलच आहे हे नंतर, घरी जाऊन वाचल्यावर कळलं.

यजमानांना पक्षाघात झाला होता. डावी बाजू गेली होती. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांच्या डाव्या हातावर जे जे केलं ते अक्कांनी लिहून ठेवलं होतं. शैली अशी नव्हतीच. 'आज ह्यांनी स्टीलचा पेला टेबलावरून स्वतः पुढे सरकवला. चार बोटं साथ देतात, अंगठा ऐकत नाही.' 'कपड्यांचे चिमटे घ्यावेत, सैल स्प्रिंगचे. नवे घेऊ नयेत, ते कडक असतात.' 'लाटण्यावर दोन्ही तळहात ठेवून पुढे-मागे करावे. खाली टॉवेल घालावा, नाहीतर लाटणं पळतं.' कुठे रडणं नाही, देवाचं नाव नाही. मी रोज पुस्तिका लिहिते, पण इतकी सरळ सूचना मला क्वचितच जमते.

अडचण अशी होती की जवळजवळ प्रत्येक सूचनेत 'फोटोत दाखवल्याप्रमाणे' असे शब्द होते. फोटोत दाखवल्याप्रमाणे अंगठा बाहेर काढावा. फोटोत दाखवल्याप्रमाणे मनगटाखाली उशी द्यावी. आणि फोटो एकही नव्हता. ज्या फुकटच्या साइटवर त्यांनी ते ठेवले होते ती कधीच बंद झाली होती. खाली कॉमेंटमध्ये लोकांनी विचारलं होतं: फोटो दिसत नाहीत, मनगट नक्की कसं धरायचं? उशी जाड की पातळ? उत्तर कुणालाच गेलेलं नव्हतं.

दुसऱ्याही प्रकारच्या कॉमेंट होत्या. शेवटच्या पोस्टचं शेवटचं वाक्य होतं, 'उद्यापासून भिंतीवर हात वर सरकवायला सुरुवात करू.' त्याखाली लोक लिहीत गेले होते. काका कसे आहेत? भिंतीचा व्यायाम जमला का? पुढचं लिहा ना, काकू.

पुढच्या रविवारी मी अक्कांना हे दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"ह्याला काय उत्तर द्यायचं?" मी विचारलं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी फोटोंचं बघ. लोकं अडलीत."

मूळ फोटो त्यांच्याकडे नव्हते. जुना कॉम्प्युटर भाच्याला दिला होता, त्याने तो कुणाला तरी दिला. नागपूरकराने जुन्या साइटचे अवशेष कुठे मिळतात का ते आठवडाभर शोधलं. मिळाली ती नखाएवढी दोन चित्रं; त्यात हात कुठला आणि टॉवेल कुठला ते ओळखू येत नव्हतं.

"नवे काढू," अक्का म्हणाल्या. "हात तर सगळ्यांना असतो की."

पण इतक्या वर्षांपूर्वीचे व्यायाम तसेच पुन्हा लोकांपुढे ठेवायचे याची मला काळजी वाटत होती. आमच्या कामात जुनी पुस्तिका तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय पुन्हा छापत नाहीत. मी तसं म्हटलं. अक्कांना ते पटलं. जवळच एक फिजिओथेरपिस्ट बाई होती, कन्नड, तिशीची. अक्कांनी तिला एका संध्याकाळी घरी बोलावलं आणि एकेक पोस्ट कन्नडमध्ये तोंडी सांगितली. आम्ही दोघं नुसते चेहरे पाहत होतो. बाई मान हलवत होती. एकदा हसली, एकदा तिने अक्कांचाच हात धरून मनगट थोडं खाली वाकवलं, तशी मूठ आपोआप सैल झाली. मग एका ठिकाणी तिने अक्कांना थांबवलं आणि बराच वेळ बोलली. अक्कांनी काही विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू.

ती गेल्यावर अक्कांनी आम्हाला सांगितलं. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम काढायचा. ज्यांचा हात आखडतो त्यांनी जोर लावून चेंडू दाबला तर मूठ आणखी घट्ट होऊ शकते. अशा हाताला मिटायला नाही, उघडायला शिकवायचं असतं.

"आम्ही तर रोज दाबून घेत होतो," अक्का म्हणाल्या. "हे कंटाळायचे. मी म्हणायची, दाबा, दाबा."

नागपूरकर म्हणाला, "त्या वेळी सगळे तेच सांगत असतील, अक्का."

"सांगत होते की. इस्पितळातच चेंडू दिला होता." त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, "चेंडूचं पुसून टाकायचं काय?"

यावर आमचा थोडा वाद झाला. नागपूरकराचं म्हणणं, पुसावं; चुकीची गोष्ट कशाला ठेवायची. माझं म्हणणं, मजकुरावर आडवी रेघ मारावी, दिसू द्यावा आणि खाली कारण लिहावं, म्हणजे आधी वाचून गेलेला कुणी परत आला तर त्याला कळेल. अक्कांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि रेघ मारायला सांगितली. खालचं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं: 'हे आम्ही केलं. करू नये.'

फोटो काढायला आम्ही एका रविवारी सकाळी जमलो. हात नागपूरकराचा ठरला, कारण माझ्या हातात फोन असणार होता आणि अक्कांना धरून दाखवायला स्वतःचे हात मोकळे हवे होते. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला त्याला बसवलं. त्याने बाही वर केली, तर सायकलच्या हातमोज्यांमुळे बोटं आणि मनगटाच्या वरचा हात काळा, मधला पंजा पांढरा. अक्का हसल्या. मग म्हणाल्या, "असू दे. लोकांना फरक काय पडतो."

पहिला पेल्याचा फोटो. त्याने पेला पकडून झटक्यात पुढे सरकवला.

"तसं नको," अक्का म्हणाल्या. "एवढा शहाणा हात नको. सैल सोड."

त्याने सैल सोडला. त्यांना तोही पसंत पडेना. शेवटी त्यांनी त्याचा पंजा आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट हवं तसं ठेवलं. करंगळी किंचित वाकडी, अंगठा तळहातात दडलेला. मग आपल्या दोन बोटांनी त्यांनी तो अंगठा मुळापासून धरून हळूच बाहेर काढला. टोकाला धरला नाही. हे त्या न बघता करत होत्या; त्यांची नजर खिडकीबाहेर शेवग्याकडे होती. मी फोटो काढत राहिले.

"ह्यांचा हात थंड असायचा," त्या म्हणाल्या. "तुझा गरम आहे." आणि मला म्हणाल्या, "आलं काय ते नीट? अंगठ्याचं महत्त्वाचं आहे. सगळे टोकाला धरतात."

मग टॉवेल झाला, लाटणं झालं, चिमटे झाले. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत राजमा उचलून टाकायचा व्यायाम झाला. जेवायची वेळ झाली तेव्हा अक्कांनी तोच राजमा धुऊन भिजत घातला.

मी फोटो नीट कापून, क्रमाने पोस्टांमध्ये बसवले. प्रत्येक 'फोटोत दाखवल्याप्रमाणे'च्या खाली आता फोटो होता. नागपूरकराने ते मोबाइलवर, कमी वेगाच्या नेटवर उघडतात की नाही ते तपासलं. काम झाल्यासारखं वाटलं. मी घरी परतताना एक्स्प्रेसवेवरच्या बसमध्ये स्वतःच्या ब्लॉगचा विचार करत होते. त्याची पाळी पुढच्या महिन्यात होती.

पुढच्याच आठवड्यात नांदेडच्या एका मुलीची कॉमेंट आली. तिच्या वडिलांना पक्षाघात होऊन काही महिने झाले होते. अक्कांचा ब्लॉग ती आधीपासून वाचत होती आणि फोटो नसल्यामुळे अडलेली होती. तिने लिहिलं होतं: 'काकू, नवे फोटो पाहिले! काकांचा हात किती सुधारलाय! बाबांना दाखवले. ते टक लावून बघत होते. म्हणाले, ह्यांना जमलं तर मलाही जमेल. आज पहिल्यांदा स्वतःहून व्यायामाला बसले.'

मी ती बसमध्ये वाचली. नागपूरकरानेही वाचली असावी, कारण लगेच त्याचा फोन आला.

"ताई, हे भलतंच होऊन गेलं ना. तो हात माझा आहे."

"माहीत आहे."

"माझा हात पाहून ते काका व्यायाम करून राहिले. आपण फोटोखाली लिहायला पाहिजे होतं."

ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही मनगट, उशी, अंगठा बघत होतो. हात कुणाचा हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल, आणि त्याचं उत्तर तो स्वतःच काढेल, हे सुचलं नाही.

अक्कांनी कॉमेंट पाहिली होती. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ती पुन्हा वाचून दाखवली, एकही शब्द न गाळता.

"मी लिहू का?" नागपूरकराने विचारलं. "म्हणजे, माझीच चूक झाली असं. फोटोतला हात माझा आहे, एवढंच लिहितो. बाकीचं काही सांगायची गरज नाही."

"ती विचारेल की मग, काकांचा हात कसा आहे."

"मग काहीच नको लिहायला," तो म्हणाला. "ते व्यायाम तर करताहेत. त्यांना जमायला लागू द्या, मग सांगा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला वाटतं सांगावं. पण कसं सांगावं ते मला सुचत नाही."

"माझं मला बघू दे," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी काम झालं नाही. अक्कांनी आम्हाला दडपे पोहे दिले आणि नागपूरकराच्या आईची चौकशी केली. त्यानंतर बरेच दिवस ब्लॉगवर काही दिसलं नाही. मी रोज उघडून बघत होते, हे खरं. नांदेडच्या मुलीने आणखी एक लिहिलं: 'चिमटे आणले, जुने, सैल.' त्यालाही उत्तर गेलं नाही.

मग एका दुपारी ऑफिसात असताना उत्तर दिसलं. अक्का एका बोटाने टाइप करतात. तेवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला असेल.

'तुझ्या बाबांना नमस्कार सांग. फोटोतला हात आमच्या एका मित्राचा आहे. तो आजारी नाही. जुने फोटो हरवले म्हणून त्याने दाखवायला हात दिला. हे आता नाहीत. भिंतीचा व्यायाम सुरू केल्यावर दोन वर्षांनी छातीत कफ होऊन गेले. पण हाताचं म्हणशील तर हात सुधारला होता. या फोटोतल्याइतका नाही. चमचा धरत होते, शर्टाची खालची बटणं लावत होते, वरचं मी लावायची. इस्पितळात नेलं त्या सकाळीसुद्धा उपमा त्यांनी डाव्या हाताने खाल्ला, मुद्दाम, मला दाखवायला. बाबांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. व्यायाम चुकवू नका. अंगठा मुळाशी धर.'

मी ते दोनदा वाचलं. डाव्या हाताच्या उपम्याबद्दल त्या आमच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि मीटिंगला गेले.

मुलीचं उत्तर लगेच आलं नाही. नागपूरकर अस्वस्थ होता. त्याने मला विचारलं, आपण त्या काकांचं नुकसान केलं का. मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. अक्का मात्र नेहमीसारख्या होत्या. त्यांना जुन्या पोस्टांतली 'कि' आणि 'की' तपासून हवी होती, ती मी तपासत बसले.

शेवटी उत्तर आलं. 'काकू, आधी फक्त चमच्याचं सांगितलं होतं. मग राहवलं नाही, सगळंच वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, उपमा सांडला का? मी म्हटलं, ते काकूंनी लिहिलं नाही. ते म्हणाले, विचार.'

अक्कांनी हे आमच्यासमोर वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं: 'सांडला. थोडाच.'

त्यानंतर दोन-तीन बैठकांत अक्कांनी जुन्या सगळ्या कॉमेंटना उत्तरं लिहिली. प्रत्येकाला वेगळं. काही माणसांनी विचारून इतका काळ लोटला होता की आता त्यांना त्या उत्तराचा उपयोग उरला नसणार. तरी त्यांनी लिहिलं, उशी पातळ हवी, उशीर झाला, माफ करा. बऱ्याच जणांकडून काही आलं नाही. एका बाईंनी कळवलं की आमचे बाबाही मागच्या वर्षी गेले, पण आठवणीने उत्तर दिलंत. दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं की मी ज्याच्याबद्दल विचारत होतो तो रुग्ण मीच होतो, हे मी स्वतः दोन्ही हातांनी टाइप करतो आहे. नागपूरकराने ते मोठ्याने वाचलं आणि टेबलावर थाप मारली. अक्का म्हणाल्या, "सरी, पुढचं वाच."

फोटोंखाली आता लिहिलेलं आहे: 'हात मित्राचा.' ब्लॉगच्या माथ्यावर काय लिहावं यावर त्यांनी बरेच दिवस घेतले. मजकुरातल्या 'आज'च्या जागी 'त्या दिवशी' घालू का, असं मी विचारलं होतं. 'आज ह्यांनी पेला सरकवला' याचं काय करायचं? त्या म्हणाल्या, त्या दिवशी सरकवला होता ना, मग आजच. हात लावू नको. माथ्यावर त्यांनी यजमान गेल्याची एक ओळ घातली आणि फिजिओथेरपिस्टने व्यायाम तपासल्याची दुसरी.

त्या फिजिओथेरपिस्ट बाईला ब्लॉगमधलं ऐकलेलं लक्षात राहिलं होतं. तिच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या घरच्या लोकांना द्यायला तिला हे सगळं कन्नडमध्ये हवं होतं. अक्कांनी होकार दिला. आता रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी शेजारच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका बसलेल्या असतात आणि दोघी एकेका वाक्यावर भांडत असतात. 'पळतं' या शब्दाला कन्नडमध्ये काय म्हणावं यावर एक पूर्ण सकाळ गेली. लाटण्याच्या बाबतीत तो शब्द चालत नाही, असं शिक्षिकांचं म्हणणं होतं. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही दुसऱ्या टोकाला बसून माझ्या ब्लॉगचं काम करतो, ते सावकाश चाललं आहे.

एकदा मी अक्कांना म्हटलं की या कामात आमचा काहीच उपयोग होत नाही.

"मग शिका की," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं राहिलात."

नागपूरकराने शिकवणी लावली आहे. तो ऑटोवाल्यांशी पूर्ण वाक्यं बोलतो आणि ती बहुतेक चुकीची असतात, असं अक्का सांगतात. मी अजून सुरुवात केलेली नाही.